हानाच्या वहीतलं आमचं घर

इस्तंबूलहून कन्याकुमारीला निघालेली पोरगी, आणि तीही विमानात पाय न ठेवता! हाना तिचं नाव. माझ्या मुलाने, सलीलने, कुठल्याशा साइटवर आमचं घर नोंदवलं होतं, म्हणून बडोद्यात चार दिवस आमच्याकडे उतरली. मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, पण तिच्या वाटेवरचं समरकंद पाहिलं ते नकाशातच. तेव्हा मी तिला खंडेराव मार्केटात फिरवलं, सेव-उसळ खाऊ घातली आणि रोज संध्याकाळी तिच्याकडून तिची प्रवासाची वही वाचून घेतली.

"कझाक लोक पाहुण्याला चहा अर्धाच कप देतात," ती इंग्रजीत वाचायची. "पुन्हा पुन्हा ओतता यावा म्हणून. कप भरून आला की समजायचं, निघा आता."

"बघ गं मृदुला, काय नजर आहे पोरीची!" मी सुनेला सांगायची. बँकेतून येऊन ती पोळ्या लाटत असायची. नुसती हसायची.

चौथ्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "आता आमच्याबद्दल वाच."

हाना जरा अडखळली. मग वाचलं, "या घरात सगळे शिकलेले, सगळे प्रेमळ. सून शेवटी जेवते. एकटी, ओट्याशी उभी राहून."

लो, करो वात! माझं डोकंच फिरलं. माझ्या आजेसासूबाईसुद्धा शाळेत गेलेल्या, सुनेकडे मी कधी डोक्यावर पदर मागितला नाही, आणि ही चार दिवसांची पाहुणी आम्हाला शिकवणार? "अगं, तिलाच आवडतं तसं! आम्हाला गरम वाढल्याशिवाय तिला चैन पडत नाही. मृदुला, सांग हिला, खोटं आहे म्हणून."

मृदुलाने गॅस बारीक केला. "आई, खरं सांगू? लग्नाला अकरा वर्षं झाली. या घरात मी अजून गरम पोळी खाल्लेली नाही."

सलील ताटात बघत बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण चूक कळल्यावर रडत बसणाऱ्यांतली मी नव्हे. उठले आणि तिच्या हातातलं लाटणं घेतलं.

"बस माझ्या खुर्चीवर. सलील, तिचं ताट वाढ."

"अहो आई, तुमचं जेवण अर्धं..."

"बस म्हटलं ना!"

ती बसली. पहिली पोळी तव्यावर टम्म फुगली, ती तशीच तिच्या ताटात टाकली. तिने तूप लावून, भाजीला हातही न लावता ती संपवली. मग मान खाली घालूनच म्हणाली, "आई, अजून एक."