नसलेल्या गुलाबांचा वास

मित्रांनो, मी एक जुनी पिकदाणी आहे. नाकं मुरडून झाली असतील तर पुढे सांगते.

तांबटाने मला ठोकून घडवलं, तेव्हा वाटलं होतं की आपण फुलदाणी होणार. गळा तसाच नाजूक होता. पण मला नेलं ते वाइनची पारख शिकवणाऱ्या एका मास्तरांनी. त्यांच्या वर्गात वाइन पीत नाहीत. तोंडात घोळवतात, गंभीर चेहरा करतात आणि थुंकतात. मोठे होईपर्यंत तुम्ही यातला फक्त चेहरा करा.

मास्तर इटलीच्या वाइन शिकवत. ते सांगत, तिथे वाइनचीही उतरंड असते. तळाला साधी, रोजच्या जेवणाची. तिच्यावर आपला प्रांत सांगणारी. तिच्यावर ठरलेल्या मुलखात, ठरलेल्या द्राक्षांची, ठरलेल्या नियमांनी केलेली. आणि शेंड्यावर हमीची. तिच्या मानेवर सरकारी पट्टी असते. माझ्या पोटात मात्र चौघी एकत्र नांदत.

"नेबिओलो हे द्राक्ष उत्तरेकडच्या डोंगरांतलं," मास्तर म्हणत. "धुक्यावरून नाव पडलं म्हणतात. रंगाला फिकं, पण हिरड्या आवळून धरतं. शेजारचं बार्बेरा गडद, तोंडाला पाणी सुटतं. टस्कनीचं सांजोवेझे आंबट चेरीसारखं."

"हिरड्यांचं मला नका सांगू, मास्तर," वर्गातले दातांचे डॉक्टर म्हणत. "तो माझा प्रांत."

मग एका हिवाळ्यात मास्तर तापाने आडवे झाले. बरे झाल्यावर पहिल्याच दुपारी रिकाम्या वर्गात आले आणि त्यांनी चक्क माझ्यात तोंड घातलं. सुट्टीत मला कुणी धुतलं नव्हतं. साऱ्या वर्गाची थुंकी आत आंबत होती. दुसरा कुणी असता तर किंचाळला असता. मास्तरांनी लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला. चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"काहीच नाही गं," ते माझ्या पोटात म्हणाले. तो आवाज अजून आत फिरतो.

त्यानंतर ते डोळ्यांनी रंग ओळखत, हिरड्यांनी जात ओळखत आणि वास आठवणीतून सांगत. कुणाला संशय आला नाही.

एकदा वर्गात मदतीला असणाऱ्या त्यांच्या लेकीने हमीची बाटली उघडून सगळ्यांना ओतली. मास्तरांनी ग्लास हुंगला. "गुलाब. वाळलेले. मागे जरासं डांबर."

"अगदी गुलाब!" कुणीतरी म्हणालं.

"माझ्याकडे तर अख्खा गुच्छ आलाय," डॉक्टर म्हणाले.

लेकीने ग्लास नाकाशी नेला आणि ती थबकली. बूच बिघडलेलं होतं. वाइनला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास मारत होता, आणि सगळा वर्ग डोळे मिटून नसलेल्या गुलाबांचा वास घेत होता.

वर्ग सुटल्यावर ती म्हणाली, "बाबा, बूच खराब होतं."

"शक्यच नाही. हमीची बाटली आहे."

"हमी सरकारने दिलीय, बुचाने नाही." मग आवाज उतरला. "कधीपासून?"

"तापापासून."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर मास्तर कोण राहिलं असतं?" ते खुर्चीत बसले. "तुझ्या आईची शाल नाकाशी धरतो मी. ती गेल्यावरही शालीला तिचा वास होता. आता नुसती लोकर लागते. तू सांग, आहे का अजून?"

लेक आत जाऊन शाल घेऊन आली. तिने शालीत तोंड खुपसलं. बराच वेळ काढलं नाही. मास्तर तिच्याकडे बघत होते. एक शब्द खोटा बोलली असती, तर त्यांनी आनंदाने मानला असता.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "आता फक्त कपाटाचा येतो."

मास्तरांनी हळूच मान हलवली. शाल घडी करून मांडीवर ठेवली. पुढच्या वर्गात त्यांनी सगळं सगळ्यांना सांगून टाकलं. डॉक्टरांनी गुच्छाचा विषय पुन्हा काढला नाही. आता वास लेक सांगते, हिरड्यांचं मास्तर बघतात आणि मला रोज धुतात.

मित्रांनो, माझं मागणं छोटंसं आहे. घरातलं कुणी फुलांचं नाव घेऊन तुमच्याकडे बघू लागलं, तर मान डोलावण्याआधी स्वतः हुंगून बघा. आणि फुलं नसलीच, तर ते सांगताना जवळ बसा.