मी लायक नाही, म्हणाले सेनापती

मी राजमुद्रा बोलतेय. शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्या अंगावर आठच अक्षरं कोरलेली आहेत, तीही उलटी. त्यापलीकडे मला काही येत नाही, म्हणून साधंच सांगते.

मी जेड नावाच्या हिरव्या दगडाची, तळहाताएवढी. चीनमधल्या जिआनकांगच्या राजवाड्यात सम्राट यून माझे मालक. तेही नावाचेच. हुकूम सेनापती मेंग काढायचे. यून मला लाल शाईत बुडवून मुकाट दाबायचे.

पुढे मेंगना गादीच हवीशी झाली. आमच्याकडे ती हिसकावत नाहीत. हिसकावली तर उद्या दुसराही हिसकावेल. सम्राटाने मला पाठवायचं, घेणाऱ्याने दोनदा 'मी लायक नाही' म्हणून परत करायचं, तिसऱ्यांदा रडत घ्यायचं. मग गादी सोडणाऱ्याकडे लवकरच विषाचा पेला पोचतो. यूनना ते पक्कं ठाऊक होतं.

म्हातारा सेवक फू मला रेशमात बांधून दोनदा घेऊन गेला. दोन्ही वेळा सरदारांसमोर मेंग कपाळ बडवत म्हणाले, "छे छे, मी कुठला लायक!"

तिसऱ्या वेळी यूननी मला मांडीवरून हलवलंच नाही.

"महाराज, निघू ना?"

"कुठे? ते नको म्हणतायत. जबरदस्ती कशाला, फूबाबा?"

"अहो, तसं म्हणायचं असतं!"

"असेल. मला कुणी काही शिकवलंय का?"

तिकडे मांडव सजला होता, डुकरं भाजून गार होत होती. शेवटी मेंग नव्या झग्यात धापा टाकत आले. मागोमाग सरदार.

"महाराज, मुद्रा?"

"तुम्ही लायक नाही म्हणालात. या सगळ्यांनी ऐकलंय."

एका सरदाराने हसू खोकल्यात दडपलं.

मेंग दात खाऊन पुटपुटले, "काय हवंय?"

"तळ्याकाठचं एक गाव आणि म्हातारपण. पूर्वजांची शपथ घ्या. मोठ्याने, यांच्यासमोर."

शपथ झाली. ती मोडली असती, तर त्यातला एकही सरदार मेंगच्या शब्दावर पुन्हा विसंबला नसता. मग यूननी मला दोन्ही हातांनी पुढे केलं. रिवाजाप्रमाणे मेंग रडले; या वेळी मात्र अगदी खरंखुरं.

आता मी मेंगच्या मेजावर आहे. मागे राहिले, पण वाईट वाटत नाही.

शपथेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून पाहिलं. यूननी फूबाबाला बैलगाडीत बसवलं आणि कासरा स्वतः धरला. गाडी हाकता येत नव्हती. दोनदा भिंतीला घासली, पण कासरा काही त्यांनी कुणाच्या हाती दिला नाही.