दोन नावांची रिकामी जागा

मित्रांनो, माझ्या अंगावर देशाच्या अकरा वर्षांच्या फुटबॉल विजेत्यांची नावे आहेत. तरीही तुम्ही मला पाहिले नसेल. मी एक जुना सागवानी फळा आहे. पूर्णा जंक्शनमागच्या मैदानाकडेला समता फुटबॉल मंडळाची खोली आहे. तिथे मी कित्येक वर्षे भिंतीकडे तोंड करून उभा होतो.

मला घडवले धम्मानंद यांनी. ते रेल्वेत फिटर होते आणि ड्यूटी संपली की मैदानावर मुलामुलींना खेळ शिकवायचे. शहाण्णव साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा देशात कोण जिंकते हे पूर्णेच्या पोरांनाही कळले पाहिजे, असे त्यांच्या मनात आले. एका जुन्या दाराच्या फळ्या जोडून, रंधा मारून त्यांनी मला तयार केले. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या बन्सीधर पेंटरांनी काळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत 'राष्ट्रीय लीग विजेते' असे लिहिले आणि खाली ओळी आखून ठेवल्या.

पहिले नाव लागले जेसीटी या संघाचे. मग कलकत्त्याचे मोहन बागान, गोव्याचे साळगावकर, पुन्हा मोहन बागान. दर उन्हाळ्यात लीग संपली की धम्मानंद वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन यायचे आणि बन्सीधर कुंचला काढायचे. पाहायला गर्दी व्हायची, चहा व्हायचा. लहान मुले माझ्यासमोर उभी राहून पाढ्यांसारखी ती नावे म्हणायची. मला मोठा अभिमान वाटायचा.

कलकत्त्याच्याच ईस्ट बंगालने लागोपाठ दुसऱ्यांदा लीग जिंकली, ते साल होते दोन हजार चार. त्याच आठवड्यात धम्मानंदांच्या मुलींचा संघ नांदेडला स्पर्धेला गेला. गोलरक्षक होती राजेश्री. ती सोळा वर्षांची होती आणि शेजारच्या गावाहून रोज सायकलने सरावाला यायची. अंतिम सामना बरोबरीत सुटला. पेनल्टीत राजेश्रीने दोन फटके अडवले. त्यात तिची करंगळी मोडली, पण पूर्णेच्या मुली जिंकल्या. संध्याकाळच्या पॅसेंजरने त्या उतरल्या आणि घरी न जाता सरळ माझ्यापाशी आल्या.

बन्सीधर नुकतेच ईस्ट बंगालचे नाव लिहून उठत होते. धम्मानंदांनी त्यांना खाली आणखी बारा नावे लिहायला सांगितली. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष किशनराव पुढे आले.

"ह्या फळ्यावर देशाचे चॅम्पियन हायेत," ते म्हणाले. "त्याचा मान ठेवायला पायजे. पोरींसाठी दुसरा करू की."

खोली किशनरावांच्या जागेत होती. धम्मानंदांनी हातातले कात्रण घडी करून खिशात घातले. बन्सीधरांनी कुंचला रॉकेलमध्ये धुतला. राजेश्री पट्टी बांधलेला हात सांभाळत सायकल घेऊन निघून गेली.

खरे सांगतो मित्रांनो, मला तेव्हा किशनरावांचेच पटले होते. कुठे कलकत्त्याचे संघ आणि कुठे ह्या मुली, असे मला वाटले. त्या कलकत्त्याच्या संघांना मी कधी पाहिलेही नव्हते. ह्या मुली मात्र रोज माझ्यासमोर धावत होत्या.

दुसरा फळा झालाच नाही. पुढच्या वर्षी सरावाला पाचच मुली आल्या, मग तीन. राजेश्री कॉलेजसाठी परभणीला गेली आणि संघ मोडला. माझ्यावर डेम्पो, महिंद्रा युनायटेड आणि पुन्हा डेम्पो अशी नावे चढली. त्यानंतर ती लीगच बंद झाली. तिच्या जागी वेगळ्या नावाची लीग आली. बन्सीधर रंगाचा डबा घेऊन आले, तेव्हा किशनराव म्हणाले की हा मथळा आता चालायचा नाही, नव्या लीगला नवा फळा करू. तोही झाला नाही. खोलीत मांडवाचे बांबू आले, मला भिंतीकडे वळवून ठेवले गेले आणि माझ्या एका कोपऱ्याला वाळवी लागली.

गेल्या महिन्यात खोली रिकामी करायचे ठरले. धम्मानंद काठी टेकत आले. जिंतूरच्या शाळेत खेळ शिकवणारी राजेश्री एसटीने आली. दोघांनी मला फिरवले, ओल्या फडक्याने पुसले. बन्सीधर आता हयात नाहीत, म्हणून राजेश्रीने रंग आणि कुंचला स्वतःच आणला होता.

"काका, सांगा नावं," ती म्हणाली.

दोघे आठवत गेले, ती लिहीत गेली. दहा नावे झाली आणि हात थांबला. उजव्या बाजूला खेळणारी उंच मुलगी कोण? आणि वडिलांची बदली झाली म्हणून महिन्याभरात गाव सोडून गेलेली ती दुसरी? त्यांनी जुन्या ओळखीच्या दोघांना फोन केले. कुणालाच आठवेना.

धम्मानंद पायरीवर बसले. "गोव्याचे, कलकत्त्याचे समदे पाठ हायेत मला," ते म्हणाले. "अन् माझ्याच दोन पोरींची नावं येईनात. तवाच बोलाया पायजे होतं म्या."

राजेश्रीने दोन ओळी कोऱ्या सोडल्या आणि डबा बंद केला.

आता मी जिंतूरला, तिच्या शाळेच्या व्हरांड्यात आहे. मित्रांनो, तुमच्या डोळ्यांदेखत कुणी जिंकले, तर त्याचे नाव त्याच दिवशी लिहा. आणि आज घरी गेल्यावर आईला, मावशीला एकदा विचारा, तू कधी पूर्णेच्या संघातून नांदेडला खेळली होतीस का? ती हो म्हणाली, तर तिला माझ्याकडे घेऊन या.