टोकनच्या कड्यावरचा मोगरा

नवरा गेल्यावर महिन्याने सोमचितमावशी, तो जिथे मास्तर होता त्या आडरानातल्या स्टेशनावर आली. तिथे गाडी थांबत नसे. पुढचा रूळ मोकळा असल्याची खूण म्हणून मास्तर चालत्या गाडीच्या ड्रायव्हरला टोकनचं कडं द्यायचा, ड्रायव्हर मागच्या स्टेशनाचं खाली टाकायचा. इंजिनात देवी राहते अशी तिथली श्रद्धा; तिच्यासाठी मावशी तीस वर्षं नवऱ्याच्या कड्याला मोगऱ्याचा गजरा बांधायची. आज तिने नव्या मास्तराच्या, प्रसोंगच्या, कड्याला बांधला.

"धर नीट! पडला तर बघ."

गाडी धडधडत गेली. ड्रायव्हरने टाकलेल्या कड्यालाही गजरा होता.

"ड्रायव्हर महिनाभर रोज बांधून टाकतायत," प्रसोंग म्हणाला. "साहेबांसाठीच असणार, म्हणून त्यांच्या टोपीवर घालत गेलो."

आत खुंटीवरची टोपी वाळक्या गजऱ्यांखाली दिसेनाशी झाली होती.

"बावळटा, सुकलेले काढायचे असतात!" मावशी करवादली. पण तिने एकही काढला नाही. आजचा तेवढा वर चढवला.