नाकाला हात लावू नये

शिल्पकार बाईंनी सकाळी शेडचं दार उघडलं, पुतळ्यावरचा ओला कपडा काढला आणि कपाळाला हात लावला. नाक पुन्हा बदललं होतं. काल त्या सरळ, बेताचं नाक करून गेल्या होत्या. आज तिथे पोपट बसला होता.

"मधली पाती," त्या पुटपुटल्या. अंगठ्याच्या ठशावरून आता त्यांना घराण्याची शाखा ओळखता येत होती.

पुतळा होता ही बाग उभारणाऱ्या गृहस्थांचा. उजाड माळावर त्यांनी एकट्याने झाडं लावली, हे सगळ्या शहराला ठाऊक होतं. का लावली, हे कुणालाच नाही. फोटो तर औषधालाही नव्हता. स्मारक समितीवर त्यांचे पणतू होते, थोरल्या, मधल्या आणि धाकट्या पातीचा एकेक. तिघांचा एकमेकांवर इतका विश्वास, की बागेतल्या या शेडची किल्ली प्रत्येकाने वेगळी करून घेतलेली. बाईंनाही एक मिळाली होती, बऱ्याच विनवण्यांनंतर.

आजवर बाईंनी कपड्यांच्या दुकानांसाठी पुतळे केले होते. त्यांना चेहराच नसायचा. आता कुठे एका चेहऱ्याखाली त्यांचं नाव कोरलं जाणार होतं, तर तो चेहरा सकाळपर्यंत टिकत नव्हता.

"अहो, ओल्या मातीला हात का लावता?" त्यांनी तिघांना बोलावून विचारलं.

"हात कुठे? अंगठा लावला," थोरले म्हणाले. ते समितीचे अध्यक्ष होते. "धाकट्याने नाकपुड्या फुगवल्या, त्या काय चालवून घ्यायच्या?"

"फुगवल्या नाहीत. होत्या तेवढ्या दाखवल्या," धाकटे म्हणाले.

"दोघांनी आरसे बघा आधी," मधले म्हणाले.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "सोमवारी धातूचं ओतकाम आहे. त्या दिवशी जे नाक असेल, ते कायमचं."

हे सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवसापासून तिघेही डबे घेऊन शेडमध्येच मुक्कामाला आले.

शेवटी बाई या तिघांच्या आत्यांना चाकांच्या खुर्चीतून घेऊन आल्या. त्या गृहस्थांना प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस आता एवढं एकच उरलं होतं.

"आत्या, तुमच्या आजोबांचं नाक कसं होतं?"

तिघांनी श्वास रोखला आणि आपापलं नाक थोडं पुढे केलं.

"मला काय ठाऊक?" आत्या म्हणाल्या. "मी त्यांना पाठमोरंच पाहिलं. घरात जुंपली की ते एक रोप उचलायचे आणि माळावर यायचे. जितकी भांडणं, तितकी झाडं."

बाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाग फारच मोठी होती.

"हाक मारली तर वळायचे नाहीत?"

"छे! आणखी एक खड्डा खणायला घ्यायचे."

"तुम्ही तिघे बाहेर व्हा," बाई म्हणाल्या.

"आम्ही समिती आहोत!"

"समिती गेली खड्ड्यात. निघा रे मेल्यांनो," आत्या म्हणाल्या आणि तिघे बाहेर पडताच त्यांनी खुर्ची दारात आडवी लावली.

बाईंनी भट्टीवाल्याच्या हातापाया पडून तारीख पुढे ढकलली, पुतळा मोडला आणि नव्याने घडवला. रोज आत्या दारात बसून राहिल्या. पणतू आला की चाक त्याच्या पायावर घालायच्या.

अनावरणाला पडदा सरकला आणि लोकांना दिसली एक रुंद पाठ आणि पायांचे दोन तळवे. गृहस्थ गुडघे टेकून, रोपाच्या खड्ड्यात जवळजवळ डोकं घालून बसले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींना तर गलबलून आलं.

अध्यक्षांनी पुतळ्याला एक फेरी मारली. चेहरा दिसेना. मग ते कडक इस्त्रीच्या कपड्यांनिशी चौथऱ्यावर पालथे झाले आणि पुतळ्याच्या छातीखालून आत सरकले. थोरला काय बघतोय म्हणून मधले सरकले. आपण मागे राहू म्हणून धाकटे. बाहेर बुटांचे तीन जोड तेवढे उरले.

"बाई!" आतून थोरल्यांचा आवाज आला. "हे नाक आमच्यापैकी कुणाचंच नाही!"

"नाही."

आत जरा खुडबुड झाली. एक अंगठा नाकावर टेकला असावा. मग कुंथल्याचा आवाज आला.

"हलत नाही हो हे!"

"ब्राँझ आहे," बाई म्हणाल्या. "दाबा, आणखी दाबा." आणि आत्यांच्या शेजारी खुर्ची ओढून त्या निवांत बसल्या.