हॅमर शेडची सरासरी

"ये क्या मच्छर बैठे हैं?" अरुणकुमार सरांनी पेनाचं टोक स्क्रीनवर टेकवत विचारलं.

त्यांची विद्यार्थिनी प्रेरणा खुर्चीमागे उभी होती. स्क्रीनवर तिने काढलेला आलेख होता. आडव्या रेघेवर नोकरीची वर्षं, उभ्या रेघेवर ऐकण्याची क्षमता आणि कारखान्यातल्या प्रत्येक कामगाराचा एक ठिपका. नव्या पोरांचे ठिपके वर होते. नोकरी वाढेल तसे ते खाली उतरत गेले होते आणि उजव्या टोकाला अगदी तळाशी गोळा झाले होते.

"एक-एक वर्कर है, सर."

"जर्नल में इतनी जगह कहाँ है? बार बना दो. तीन शेड, तीन बार. हर शेड का एवरेज."

"सर, हॅमर शेड में अभी बहुत नए लड़के लगे हैं. उनके कान ठीक हैं. एवरेज में पुराने लोगों का कुछ दिखेगा ही नहीं."

सर चिडले नाहीत. "आँकड़े तो तुम्हारे ही रहेंगे न? मैंने कोई नंबर बदलने को कहा?"

नव्हतं सांगितलं. तिथेच तिची वाट अडली. काही खोटं लिही असं ते म्हणाले असते, तर तिला निदान नाही म्हणता आलं असतं.

"फैक्ट्रीवालों ने अंदर आने दिया, मशीन रखने को कमरा दिया," सर पुढे म्हणाले. "ये छपा तो अगली बार गेट से ही वापस भेज देंगे. और तुम्हारी थीसिस पर मेरी साइन भी बाकी है, बेटा." शेवटचं वाक्यही त्यांनी त्याच मायाळू सुरात म्हटलं.

संध्याकाळपर्यंत तिने आलेख बदलला. तीन खांब उभे राहिले, जवळजवळ सारख्या उंचीचे. हॅमर शेडचा जरासा बुटका, पण तो कोणाच्या डोळ्यात भरला नसता. खाली सरांनी निष्कर्ष लिहिला, तिन्ही विभागांच्या श्रवणक्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही. नव्या कामगारांविषयी प्रेरणाने एक ओळ घातली होती. छापून आलं तेव्हा ती ओळ नव्हती.

प्रेरणा रुआबांध्याला आईजवळ राहायची. वडील गेल्यावर आईने, बेबीताईंनी, शिवणकाम करून तिला जुनवानीच्या कॉलेजात पाठवलं होतं. ज्या फोर्जिंगच्या कारखान्यात तिने कान तपासले, तिथे बेबीताईंचा चुलतभाऊ फकिरा तापलं लोखंड ठोकणाऱ्या हॅमरवर होता. दोघं भंडाऱ्याकडच्या एकाच गावचे, पोटासाठी इकडे हिंदी मुलखात आलेले. सुरुवातीला हेडफोन लावून मशीनपुढे बसायला कोणीच तयार होईना. कान खराब निघाले तर कामावरून काढतील, ही भीती. तेव्हा फकिरामामाच सगळ्यांत आधी येऊन बसला होता. "पोट्टी आपली हाय," त्याने बाकीच्यांना सांगितलं, आणि मग रांग लागली.

शोधनिबंध छापून आल्यावर बेबीताईंनी शेजारी शालूकडे पेढे नेऊन दिले. त्यानंतरच्या रविवारी दुपारी फकिरामामा आणि रंभामामी आले. जयभीम झाला. मामाने खिशातून घडी केलेला कागद काढून प्रेरणापुढे धरला. तेच तीन खांब होते.

"मी पॅकिंगमंधी बदली मागाले गेलो होतो," मामा म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला नीट ऐकू येत नसल्यामुळे तो फार मोठ्याने बोलायचा. "त्यायनं हे देल्लं."

रंभामामीने बाकीचं सांगितलं. "साहेब म्हने, तुमच्याच पोरीनं लिवलं हाय, आवाजानं कोनाले काही होत नाही. बदली कायच्यासाठी पायजे?"

"याच्यात मी कोनता हाव?" मामाने विचारलं.

"मामा, यात एकेकटा माणूस नाही दिसत," प्रेरणा म्हणाली.

त्याने कानामागे हात धरला.

"एकेकटा नाही दिसत! सगळ्यायचं मिळून केलं!"

"मिळून?"

"नवीन पोट्ट्यायचे कान चांगले हायेत, मामा! ते तुमच्यात मिसळले!"

शेजारी शालूचा टीव्ही चालू होता, त्याचा आवाज एकदम कमी झाला. बेबीताई भिंतीला टेकून ऐकत होत्या. हे प्रेरणाने सरांच्या केबिनमध्ये अगदी हळू आवाजात सांगितलं होतं आणि इथे ती ओरडून सांगत होती. मामा तिच्या ओठांकडे बघत राहिला. त्याला कळलं नव्हतं.

रंभामामीला कळलं होतं. "तुले माईत होतं?" तिने साध्या आवाजात विचारलं.

"हो, मामी."

"मंग कावून केलं?"

"सरांची सही लागते. त्यायच्याशिवाय माझी इतक्या सालांची मेहनत..." बेबीताई उठून चहा ठेवायला आत गेल्या.

"काय म्हून राहिली ते?" मामाने बायकोला विचारलं.

रंभामामीने एकदा प्रेरणाकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मानसं कमी पडली म्हनते."

मामाचा चेहरा मोकळा झाला. "असं होय. मंग सांगाचं ना, बाई. मी आनतो. धोंडबाले घेऊन येतो, त्याले तं माह्याहून कमी आयकू येते. दुसऱ्या शिफ्टचे बी येतीन. तू मशीन कधी लावतं?"

प्रेरणाने मामीकडे पाहिलं. मामी खालच्या फरशीकडे बघत होती.

"सांगते, मामा," प्रेरणा म्हणाली आणि त्याला दिसावं म्हणून मान हलवली.

चहा आला. मामाने बशीत ओतून घेतला आणि पिता पिता आणखी कोणाकोणाला आणायचं ते आठवत राहिला. मामीने कपाला हात लावला नाही. थोड्या वेळाने तिने मामाच्या खांद्याला हात लावून त्याला उठवलं, एकट्या बेबीताईंना जयभीम केला आणि चप्पल घातली.

दोघं गल्लीतून निघाले. मामी पुढे आणि मामा मागे, बोटांवर नावं मोजत. ती नावं वळणापर्यंत ऐकू येत होती.