गफ्फारचाचांची खोली

यवतमाळच्या बसस्टँडवर कित्येक वर्षं उघड्यावर काढलेल्या गफ्फारचाचांना एका संस्थेनं खोली दिली. त्यांची घडी कशी बसते आहे हे पाहायचं काम निशिगंधाकडे आलं. दर आठवड्याला ती जाऊन विचारी, झोप लागते का, स्वयंपाक करता का, गोळ्या घेता का. चाचांचं सगळं चोख होतं. भांडी लख्ख, अंथरुणाची नीट घडी. संस्थेच्या बैठकीत तिनं कौतुकानं त्यांचंच उदाहरण दिलं. मग ठरलं, चाचा आता आपल्या पायावर उभे आहेत, भेटी कमी करू. तिनंही मान डोलावली.

दोन महिन्यांनी ती गेली तर खोलीला कुलूप होतं. चाचा स्टँडवरच सापडले, जुन्या सोबत्यांबरोबर चहा पीत बसलेले.

"चाचा, खोलीत काय कमी पडलं?"

"काही नाई बेटा. तू येशील म्हणून मी भांडे घासत होतो. तुह्यं येनं बंद झालं, मंग कोनासाठी घासू?"

इतकं सगळं विचारलं, पण दिवसभर कोणाशी बोलता, हे विचारायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

तिनं परोपरीनं विनवलं, पण चाचा परतले नाहीत. पुढं संस्थेनं ती खोली दुसऱ्याला दिली. ते सांगायलाही तिलाच स्टँडवर जावं लागलं.

"बरं झालं," चाचा म्हणाले. "त्याच्याकडे मात्र जात जाजो."